उत्तरेला उशी

सध्या आमच्या गल्लीत कुणाचं डोकं आपटत नाही. एरवी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या रो-हाउसांच्या ओळीत पाहुणा पहिल्यांदा आला, की तो हिलालआप्पांच्या ओट्यापाशी हमखास कपाळ चोळत उभा दिसायचा. ओट्याच्या छताला दोन आकड्यांवर आप्पांची होडी टांगलेली असे आणि तिचं टोक गल्लीत हातभर बाहेर आलेलं असे. कुरिअरवाला, गॅसवाला, मुलगी बघायला आलेली मंडळी, सगळ्यांनी त्या टोकाचा प्रसाद घेतलेला आहे. कुणी चिडून "इथे होडी कशाला टांगलीय?" असं विचारलं, की आप्पा आतून ओरडायचे, "मग काय ट्रक टांगू?" आज ते आकडे मोकळे आहेत. सुतळीचा एक तुकडा तेवढा लोंबतो आहे, आणि शिवणाच्या मशीनवर बसून माझं निम्मं लक्ष तिकडेच आहे.

हिलाल हे नाव खानदेशात घरोघर सापडतं, पण हा हिलाल एकच. तळोद्याकडचा माणूस. तरुणपणी सुरतेत आला आणि निवृत्त होईपर्यंत इथल्याच एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये, स्टेंटरवर राहिला. स्टेंटर म्हणजे कापड दोन्ही काठांना धरून, ताणून, तापलेल्या हवेतून बाहेर काढणारं लांबलचक यंत्र. त्यातून एकदा निघालेलं पॉलिस्टर पुन्हा आटत नाही, सुरकुतत नाही, म्हणून तर सुरतेची साडी धुतली तरी तशीच राहते. त्या धगीनं आप्पांच्या अंगावर मांस ठेवलं नव्हतं, आवाज मात्र दुप्पट केला होता. यंत्राच्या वर आवाज काढायची सवय असल्यामुळे त्यांची घरातली कुजबुज मला भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू यायची. नम्रता वगैरे भानगड त्यांच्यापाशी नव्हती. "माझ्यासारखा होडीवाला अख्ख्या पांडेसऱ्यात नाही," असं ते ठासून सांगायचे. पांडेसऱ्यात दुसरा होडीवालाच नसल्यामुळे ते कुणाला खोडताही यायचं नाही.

आणि त्यांची उत्तर दिशा. आपण "पलीकडच्या खोलीत" म्हणतो, तिथे आप्पा "उत्तरेच्या खोलीत" म्हणत. चहाचा कप कुठे ठेवलाय, तर खिडकीच्या उत्तरेला. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, पण आप्पा मुद्दाम उशी उत्तरेला घेत. "मी जाईन तेव्हा जाईन, डोकं तरी आधी पोचू दे," म्हणत. सुमनअक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे अजिबात मान्य नव्हतं. त्या आपली उशी दक्षिणेलाच ठेवत. त्यामुळे त्या घरात नवरा-बायको एकमेकांच्या पायांशी बोलत झोपत, आणि तरीही त्यांचं भांडण कधी अर्धवट राहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

या उत्तरेचं मूळ त्यांच्या गावात आहे. गावाच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला. लहानपणी वडिलांनी सांगितलं होतं, त्या डोंगराच्या मागे नर्मदा आहे. आप्पा मोठे झाल्यावर पहिली संधी मिळताच डोंगर ओलांडून गेले आणि तिथे त्यांना गोमादादा नावाचे पावरा आदिवासी गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे डुंगी होती. एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेली, पाय ठेवताच डावी-उजवीकडे डोलणारी. गोमादादांनी ह्या आगंतुकाला तिच्यात बसवलं, तो लगेच उलटा झाला, पुन्हा बसवलं, पुन्हा उलटा झाला. आप्पा म्हणत, "संध्याकाळपर्यंत मी नर्मदा निम्मी प्यायलो, तेव्हा कुठे तिनं मला वर राहू दिलं." त्या दिवसापासून हा माणूस कामापुरताच सुरतेत राहिला.

पुढे धरण झालं. पाणी डोंगराच्या घळींत चढलं, गोमादादांचं शेत खाली गेलं आणि घर वर टेकडीवर आलं. मिलला दिवाळीची सुट्टी लागायची तेव्हा पाणी काठोकाठ भरलेलं असायचं, आणि एरवी पायीही जाता येत नाही अशा जंगलाच्या खोबणीत होडी थेट शिरायची. अर्धी बुडालेली झाडं, त्यांच्या शेंड्यांवर बसलेले पाणकावळे, वरच्या उतारावर अस्वलाच्या पायवाटा, दिवसभर दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. आमच्या गल्लीतली सगळी खानदेशी मंडळी दिवाळीला गावी जायची. आप्पाही जायचे, आईवडिलांच्या पाया पडायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेला. एकदा शेठनं तातडीच्या मालासाठी थांबायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "शेठ, आदमी दुसरा मिल जाएगा, पानी उतर जाएगा." शेठ पुढे स्वतःच हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायचा, आणि आप्पांची सुट्टी कधी अडली नाही.

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. गोमादादांचं बुडालेलं शेत जिथे आहे, तिथून जाताना आप्पा वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं ठेवत. होडी आपल्या वेगानं जाईल तेवढी जाऊ द्यायची आणि तोंडही बंद ठेवायचं. "त्यांनी नांगरलेलं आहे ते," एवढंच म्हणत. बडबड्या माणसाचं असं गप्प होणं मी कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

गोमादादा गेले, त्यांची डुंगीही कुजून फुटली, आणि आप्पांनी स्वतःची होडी करायची ठरवलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कापड ताणून शिवायचं आणि कापडावर रंगाचे थर द्यायचे. अशा होड्या कुठेतरी थंड मुलखात लोक करतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. सांगाडा झकास झाला. कापडासाठी आप्पांनी कपाट उघडलं आणि दिवाळीला मिलमधून मिळालेल्या राणी रंगाच्या दोन साड्या बाहेर काढल्या. एक अक्कांची, दुसरी पुढेमागे येणाऱ्या सुनेसाठी राखलेली. अक्का बाजारात गेल्या होत्या. "सगळ्यात भारी माल आहे, माझ्याच हाताखालून गेलाय," असं म्हणत त्यांनी त्या माझ्या मशीनवर टाकल्या, आणि अक्कांना विचारलंय असं समजून मी जोडून दिल्या.

होडीला कापड कसं घट्ट बसतं, तर शिवल्यावर वरून गरम इस्त्री फिरवली की पॉलिस्टर आटतं आणि सांगाड्याला आवळून धरतं. आप्पांनी इस्त्री फिरवली. पुन्हा फिरवली. कापड जागचं हललं नाही. हलणार कसं? कापड पुढे आटू नये म्हणून ज्या माणसानं जन्मभर धग खाल्ली, त्यानं आटायला हवं असलेलं कापड नेमकं स्वतःच्या स्टेंटरमधून निघालेलंच घेतलं होतं. हे त्यांना कळलं असेलच, पण बोलबाला आधीच झालेला होता. रविवारी अख्खी गल्ली तापीवर, कॉजवेच्या वरच्या अंगाला जमली. आप्पा ऐटीत बसले. काठावरून आम्हाला दिसलं, की सैल कापड कामट्यांमधून आत फुगतंय आणि आप्पांच्या मांडीवर राणी रंगाचे फुगे येतायत. होडी बुडाली नाही म्हणायचं, बसली. अगदी सावकाश. छातीपर्यंत पाणी आलं तरी आप्पांनी वल्हं सोडलं नव्हतं आणि चेहरा असा, की जणू हे असंच ठरलेलं होतं.

लोक हसून हसून खाली बसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पाण्यावर तरंगणारा पदर ओळखला होता.

"हाई मनी सवत," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी मनी साडी नेसनी आनि बुडनी. मी हिनामा कधी बसाव नही."

तेव्हापासून होडीचं नाव सवत पडलं. दुसरी होडी, तीही सवतच, आप्पांनी कडोदऱ्याहून मागावरचा कोरा ताका आणून केली, ज्याला ना रंग लागला होता ना धग. इस्त्री फिरली आणि कापड माझ्या डोळ्यांदेखत आवळत गेलं, सुरकुती न सुरकुती नाहीशी झाली. आप्पांनी बोटानं टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज आला. "मास्तरीणबाई, तुम्हीपण वाजवा," ते मला म्हणाले. मी शिवणक्लास घेते म्हणून मास्तरीण. मी वाजवलं. इतका आनंद झालेला माणूस आमच्या गल्लीत मुलगा झाल्यावरही पाहिला नव्हता मी.

होडीत बैठका दोन होत्या. मागची आप्पांची. पुढची अक्कांसाठी, पण अक्का तर शपथ घेऊन बसलेल्या. म्हणून तोल राखायला आप्पा तिथे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाचा मोठा डबा ठेवत आणि त्याला अक्का म्हणत. वाटेत त्याच्याशी गप्पा मारत. परत आल्यावर घरात जाहीर करत, "अक्का यंदा फार शहाण्यासारखी वागली, एकदाही उलटून बोलली नाही." अक्का भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मंग तिनाच हातनी भाकर खा." आप्पा हसायचे, पण दरवर्षी निघताना ते एकदा पुढच्या बैठकीवरची धूळ पुसत आणि अक्कांकडे बघत. अक्का दुसरीकडे बघत. हे मी ओट्यावरून वर्षानुवर्षं पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, बसा ना एकदा, काय बिघडतंय.

एका दिवाळीला आप्पा ठरल्या दिवशी परतले नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी मगरीचं नाव काढलं, कुणी पोलिसांचं. त्यांचा मुलगा प्रकाश तेव्हा कॉलेजात होता, तो रडायच्या बेतात. अक्का मात्र ओट्यावर नागलीचे पापड वाळत घालत बसलेल्या. मी जवळ गेले तर मला म्हणाल्या, "पिठाचा डबा भरीसन लयी गयात. सराव नही तवलोंग येवाव नहीत." म्हणजे पीठ संपत नाही तोवर काही यायचे नाहीत. आप्पा आले ते दाढी वाढवून, रापून, वाऱ्याच्या नावानं शंख करत. वारा सुटला होता आणि ते एका टेकडीच्या बेटावर अडकले होते. वरच्या पाड्यातली माणसं रोज मक्याची भाकरी आणून देत होती आणि आप्पा त्यांची मोडकी छपरं शाकारून देत होते. "वाऱ्याशी भांडायचं नसतं," त्यांनी गल्लीला सुनावलं, "त्याला कंटाळू द्यायचं असतं." अक्कांनी ताट वाढलं, आणि नंतर माझ्याकडे येऊन माझ्या शिवणाच्या कपड्यात तोंड घालून भरपूर रडल्या.

आप्पा निवृत्त झाले, आता बारमाही उत्तर असं त्यांनी जाहीर केलं, आणि तेवढ्यात डोळ्यांनी दगा दिला. ओट्यावरून उतरताना ते शेजारच्या स्कूटरला धडकले. मग दाराला. मग आपल्याच होडीच्या टोकाला, ज्याच्याखालून ते इतकी वर्षं न बघता वाकून जात होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं गेलं ते परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं टिकवायचं. बुडालेल्या झाडांच्या खोडांमधून होडी काढायची तर सगळा खेळ बाजूंचाच. एक खोड चुकलं की कापड फाटलंच. आप्पांना हे कुणी समजावून द्यावं लागलं नाही. त्या वर्षी दिवाळीला होडी आकड्यांवरून उतरली नाही. आप्पा गावाहून दुसऱ्याच दिवशी परत आले, आणि अक्कांनी मला सांगितलं, की त्यांनी उशी दक्षिणेला घेतली आहे.

आप्पांचा आवाजही उतरला होता. भिंतीपलीकडून काही ऐकूच येईना.

प्रकाश चांगला मुलगा आहे. लेसर कटिंगच्या युनिटमध्ये सुपरवायझर झालाय, वडिलांची काळजी करतो. होडी समोर दिसत राहिली तर पप्पा झुरतील, असं त्याच्या मनानं घेतलं. डुमसच्या रस्त्यावर एकजण नवं हॉटेल काढत होता, त्याला शोभेला होडी हवी होती. एका दुपारी तो हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला. "काका, एकदम मस्त लागशे," तो आप्पांना म्हणाला. "अंदर लाइटिंग करीशुं." आप्पा खुर्चीवर बसून होते. ते फक्त म्हणाले, "लयी जा." माणसांनी सुतळी सोडायला घेतली.

अक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"कोनले इचारी सोडी ऱ्हायनात?"

प्रकाश म्हणाला, "मम्मी, पप्पांनी हो म्हटलंय."

"त्यासनं हो काय कामनं? सवत मनी शे. ठेवानी का काढानी ते मी ठरावसू."

हॉटेलवाल्याला शब्द कळले नसतील, सूर कळला. टेम्पो रिकामा गेला. अक्का तिथेच उभ्या राहिल्या, होडीच्या पोटावर त्यांनी पिठाचा हात फिरवला आणि आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "बाजूनं माले दखास. तुमी समोर देखा."

बाजूचं बघायला अक्का स्वतः पुढे बसणार, हे आप्पांना पहिल्यांदा उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ते चष्मा पुसत बसले, बराच वेळ. आणि मग त्यांच्या जुन्या आवाजात अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "मास्तरीणबाई, कोरा ताका मागवा!"

अक्कांच्या अटी होत्या. जुनं कापड फाडून नवं घालायचं. साडी नेसूनच बसणार, पँट घालणार नाही. आणि होडीचा रंग राणी. "मनी साडी बुडाडी, ती परत पाह्यजे," त्या म्हणाल्या. आप्पा म्हणाले, पाणपक्षी घाबरतील. अक्का म्हणाल्या, घाबरू देत. रंग राणीच लागला. इतका भडक, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी दिसायचा.

शिकवणी गच्चीवर सुरू झाली. अक्का स्टुलावर, हातात केरसुणीचा दांडा, मागे दुसऱ्या स्टुलावर आप्पा. "पाणी ओढायचं, ढकलायचं नाही. तू भांडं घासतीस तसं करू नको." "मंग भांडा तुमी घासा." खालून पोरं टाळ्या वाजवायची. मग तापीवर. पहिल्या खेपेला अक्कांनी डोळे गच्च मिटले, आणि आप्पा कळवळून म्हणाले, "अगं, तेच तर उघडे हवेत." दिवाळी येईपर्यंत अक्का खांब, शेवाळ, जाळं, सगळं आधी सांगायला लागल्या, आणि सांगितलेलं ऐकलं नाही तर वल्ह्यानं मागे पाणी उडवायला लागल्या. आप्पा भिजून घरी यायचे आणि गल्लीभर सांगत सुटायचे, की माझ्या पुढच्या माणसासारखा पुढचा माणूस अख्ख्या पांडेसऱ्यात नाही. उशी पुन्हा उत्तरेला गेली होती. या वेळी दोघांची.

यंदा मी त्यांच्याबरोबर नदीपर्यंत गेले. मला पाण्याची भीती वाटते, पण हे बघितल्याशिवाय राहवेना. पिकअपच्या टपावर राणी रंगाची होडी बांधून आम्ही सातपुडा चढलो, आणि घाटातली येणारी-जाणारी जीप थांबून बघायची. काठावर गोमादादांचा मुलगा आला होता. त्यानं होडीकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "यंदा पिठाचा डबा कुठे?" आप्पा म्हणाले, "मध्ये. त्याची बढती गेली."

अक्कांनी पदर खोचला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि पुढच्या बैठकीवर बसताना होडीला म्हणाल्या, "सरक वं बाई." आप्पा मागे बसले. गोमादादांच्या मुलानं हलकेच ढकललं आणि ते निघाले.

"डावा आंगे खोड शे."

"देखी लिधं."

"तुमले काय दखास? मी सांगस ते आयका."

पाण्यावरून आवाज फार लांबून येतात. होडी लहान होत गेली, पण भांडण मोठ्यानं ऐकू येत राहिलं, आणि काठावर उभी राहून मी एकटीच हसत होते. मग वळणाच्या अलीकडे आवाज एकदम थांबला. मी घाबरून पुढे झाले. दोघांनीही वल्ही पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवी धरली होती. होडी आपल्या वेगानं सरकत होती. खाली गोमादादांचं शेत असणार. अक्कांना हे कुणी सांगितलं, की नुसतं मागे वळून पाहिल्यावर कळलं, मला माहीत नाही. राणी रंग झाडांच्या खोडांमधून एकदा दिसला, पुन्हा दिसला आणि उत्तरेच्या घळीत शिरला.

ते परवाच परतायला हवे होते. आज सकाळी प्रकाशचा फोन आला. "मावशी, पप्पा-मम्मीनो फोन नथी लागतो. परवा यायचे होते ना? मी निघू का तिकडे?" काळजी मलाही वाटते, वाटत नाही असं कसं म्हणू. पण समोर ते मोकळे आकडे दिसत होते, आणि निघायच्या आदल्या दिवशी तो डबा मीच दाबून दाबून भरला होता.

"प्रकाश," मी म्हटलं, "पीठ संपलं नसेल अजून."